डग्गा खोलीच्या मधोमध हरवतो: घरच्या रेकॉर्डिंगसाठी मॉनिटर निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: खोली दहा बाय दहा, रेकॉर्ड करता ते अभंग आणि भावगीतं, साहित्य म्हणजे गळा, पेटी, तबला आणि टाळ, हातात तीस हजार रुपये. पाच इंची मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग तपासून ऐकायचे स्पीकर, घ्यावेत की आठ इंची, आणि कोणत्या कंपनीचे? पण त्यातच तुम्ही जाता जाता आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. मित्राचे आठ इंची मॉनिटर आठवडाभर घरी आणून त्यांवर मिक्स केलंत, म्हणजे गळा आणि वाद्यांचा तोल साधलात, तरी गाडीत डग्गा अंगावर आला आणि मोबाईलवर तो लागलाच नाही. शिवाय भिंतीला पलंग आणि लोखंडी कपाट असल्यामुळे तुमचं टेबल खोलीच्या मधोमध आहे. खरा प्रश्न मला या दोन वाक्यांत दिसतो. मित्राचे मॉनिटर वाईट होते असा निष्कर्ष तुम्ही काढलात. मला तसं वाटत नाही.

मी बावीस वर्षं पुण्यात रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते. पहिली सहा वर्षं अशाच एका भाड्याच्या खोलीत काढली. तेव्हा एका कीर्तनकार बुवांचे चार अभंग केले होते, साथीला पखवाज. खोलीत तो मला इतका भरदार वाटत होता की मी मिक्स सीडीवर घालून निःशंकपणे पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी बुवांचा फोन आला, "ताई, पखवाज पोत्यात घालून वाजवल्यासारखा येतोय." मला ते पटेना. त्या रात्री सहज म्हणून टेबल चार फूट सरकवून भिंतीजवळ नेलं आणि तीच फाइल लावली. डाव्या पुडीचा आवाज असा काही फुगला की कपाटाचं हँडल किणकिणायला लागलं. स्पीकर तेच होते आणि फाइलही तीच होती. बुवांना घरी जे ऐकू येत होतं, ते मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं.

हे का होतं ते समजून घेतलंत तर तुमचे पैसे वाचतील, म्हणून थोडं गणित मांडते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज मागे-पुढे आदळत राहतो आणि खोलीच्या लांबीच्या दुप्पट ज्याची तरंगलांबी असते तो सूर त्या खोलीत अडकून बसतो. ३४३ भागिले ६.१, म्हणजे ५६ हर्ट्झ. तुमच्या खोलीची लांबी आणि रुंदी सारखीच, त्यामुळे दोन्ही दिशांना हाच आकडा येतो. छत साडेनऊ फुटांवर असेल तर उभ्या दिशेला ५९. तिन्ही दिशांचे सूर एकमेकांच्या इतके जवळ येणं हे खोलीच्या बाबतीत सगळ्यात वाईट. बारा बाय नऊची खोली असती तर तो भार थोडा तरी विभागला गेला असता.

आता तुमचं टेबल. अडकलेल्या या ५६ हर्ट्झचा दाब भिंतीजवळ सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. म्हणजे तुमची खुर्ची नेमक्या त्या जागी आहे जिथे डग्ग्याचा खालचा घुमारा पोचतच नाही. त्याच सुराची दुप्पट, ११२ हर्ट्झ, मात्र मधोमध सर्वाधिक फुगते. तुम्ही कानांवर विश्वास ठेवून खालचं वाढवता आणि शंभरच्या वरचं कापता. गाडीची केबिन लहान, त्यात खालचे सूर आपोआप चढतात, म्हणून वाढवलेला भाग तिथे अंगावर येतो. मोबाईलच्या स्पीकरमधून दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही निघत नाही. तिथे डग्गा पोचतो तो त्याच्या वरच्या अंगाने: बोटाचा आघात, मनगटाची घसट, दोनशे-चारशेमधला भराव. खालचा डोंगर आणि शंभरच्या वरची कापणी यांच्यात ते अंग पार दबून गेलं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि मित्राच्या मॉनिटरचा त्यात दोष नाही.

खात्री करायची तर कुठल्याही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ५६ हर्ट्झचा साधा सूर तयार करा, माफक आवाजात लावा आणि खोलीत हळूहळू चाला. मध्यावर आला की तो विरेल, भिंतीला पाठ लावलीत की छातीत जाणवेल. तुमच्या खोलीचं नेमकं माप वेगळं असेल तर ५० ते ६५ च्या दरम्यान सूर सरकवून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण एकदा ते कानांनी अनुभवलंत की दुकानातला कुठलाही विक्रेता तुम्हाला "साहेब, बास पाहिजे तर आठ इंचीच" म्हणून गळाला लावू शकणार नाही.

यातून पहिला निर्णय आपोआप निघतो. आठ इंची नको. तो जो जास्तीचा तळ देतो तो नेमका त्या पट्ट्यात आहे जिथे तुमची खोली सगळ्यात जास्त खोटं बोलते. शिवाय आठ इंची वूफर (खालचे सूर काढणारा मोठा कोन) आणि वरचा ट्वीटर (उंच सूर काढणारा छोटा) यांचे आवाज एकजीव व्हायला थोडं अंतर लागतं, आणि तुम्ही बसणार तीन फुटांवर. आपल्याकडे विटांच्या प्लास्टर केलेल्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब, त्यामुळे बास बाहेर जात नाही, आतच घुमतो. लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ बोर्ड ठोकलेल्या परदेशी घरांतून बराच बास निसटून जातो, म्हणून तिथल्या लोकांचे व्हिडिओ पाहून आपण आकार ठरवू नये.

"पण मग खर्ज ऐकू येणार का?" ही शंका रास्त आहे. पुरुषगायक काळी एकमध्ये गात असेल तर तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर येतो. डग्ग्याचा मूळ सूर ढोबळमानाने ६० ते १०० च्या आसपास, मींड घेतली की वर सरकतो. यामाहाचा एचएस-५ घ्या: कंपनी ५४ हर्ट्झपासून म्हणते, पण तो आकडा आवाज १० डेसिबलने उतरलेला असतानाचा आहे. ३ डेसिबल उतार धरला तर तोच स्पीकर ७४ वर थांबतो. जेबीएलचा ३०५पी मार्क-टू १० डेसिबलच्या हिशेबाने ४३ हर्ट्झ दाखवतो. म्हणून खोक्यावरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना दोन्हींकडे एकच उतार धरलेला आहे ना, एवढं आधी बघा. पाच इंचीवर तुमचा खर्ज आणि डग्गा ऐकू येईल. अगदी तळाचा थोडा उतरलेला असेल, आणि त्या तळाची खात्री तुम्ही हेडफोनवर करायची. दहा बाय दहामध्ये ८० हर्ट्झच्या खालचा निर्णय मी आजही हेडफोन लावल्याशिवाय घेत नाही.

बास कमी असलेल्या स्पीकरवर चांगलं काम होतं का, याचं उत्तर इतिहासातच आहे. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या कोनचा स्पीकर १९७८ मध्ये खरं तर घरात गाणी ऐकण्यासाठी बाजारात आला. बंद खोक्याचा, तळ फारसा नाही, वरचा भाग टोचणारा, इतका की लोक ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. तरी जगभरच्या स्टुडिओंनी तो डोक्यावर घेतला आणि २००१ मध्ये उत्पादन बंद झाल्यावरही कित्येकांनी जुन्या जोड्या जपून वापरल्या. कारण गळा, पेटी, गिटार जिथे एकमेकांना धक्के देतात तो मधला पट्टा त्यावर उघडा पडायचा. आपल्या भावगीताचा सगळा जीव त्याच पट्ट्यात आहे. पेटी आणि गळा साधारण एकाच जागेवर बसतात. पेटी दोन डेसिबलने जास्त झाली तर शब्द बुडतात. ते जो स्पीकर लपवतो, तो कितीही गोड वाजला तरी आपल्या कामाचा नाही.

वॅटच्या आकड्याला फार किंमत देऊ नका. तीन फुटांवर बसून साधारण ७३ ते ७६ डेसिबलवर काम करायचं असतं, म्हणजे बाजूला बसलेल्या माणसाशी थोडा आवाज चढवून बोलता येईल इतपत. त्याला पाच इंचीचे वॅट भरपूर झाले. आवाजाची ती पातळी एकदा ठरवा आणि नॉबवर पेनाने खूण करून ठेवा. कान हळू आवाजात बास कमी ऐकतात आणि मोठ्या आवाजात जास्त, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं. रोज वेगळ्या आवाजावर मिक्स केलंत तर बास रोज वेगळा बसेल.

आता कंपनीचं. इथे मला प्रामाणिकपणे सांगावं लागेल की उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही ढोल-ताशा, हलगी किंवा डीजेची गाणी करत असाल तर हे सगळं उत्तर बदलेल, मग मोठी खोली आणि सबवूफर याखेरीज गत्यंतर नाही. खोली भाड्याची असेल आणि वर्षात सोडायची असेल तर भिंतीत खिळे मारण्याआधी मालकाला विचारावं लागेल. रात्री अकरानंतर शेजारी दार वाजवत असतील तर चांगला हेडफोन हाच तुमचा मुख्य मॉनिटर. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून बोलायचं तर पाच इंचीत यामाहा एचएस-५, जेबीएल ३०५पी मार्क-टू, अ‍ॅडमचा टी५व्ही, प्रीसोनसचा इरिस मालिकेतला पाच इंची, यांपैकी कुठल्याही जोडीवर नीट काम होतं. स्वभाव वेगळे. एचएस-५ मधला पट्टा पुढे आणून दाखवतो, त्यावर टाळ आणि "स", "श" यांची टोचणी चटकन कळते आणि तासाभराने कान थकतात. ३०५ वर बसायची जागा थोडी इकडेतिकडे झाली तरी चित्र बिघडत नाही. टी५व्हीचा रिबन जातीचा ट्वीटर तानपुऱ्याची जवारी फार सुंदर उलगडतो. मला स्वतःला गळ्याच्या कामासाठी एचएस-५ आवडतो, पण ही आवड आहे, नियम नव्हे.

भाव सारखे हलतात म्हणून रुपयांत लिहीत नाही, पण एक गोष्ट पक्की विचारा: किंमत जोडीची आहे की एका नगाची? यातले बरेचसे एकेक विकले जातात आणि ऑनलाइन फोटो मात्र जोडीचा असतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने "अर्ध्या किमतीत मिळाले" म्हणून आनंदाने खोकं उघडलं आणि आत एकच स्पीकर निघाला.

तीस हजारांतले सगळे स्पीकरवर घालवू नका, ही माझी आग्रहाची विनंती. नव्या पाच इंचीच्या जोडीनंतर हातात काही उरत नसेल तर जुनी जोडी पाहा, नाहीतर साडेतीन-चार इंचीची चांगली जोडी घ्या. खोलीसाठी सहा-सात हजार आणि तारांसाठी हजार-दीड हजार बाजूला राहिले पाहिजेत. उघड्या, घुमणाऱ्या खोलीतल्या महाग स्पीकरपेक्षा नीट मांडलेल्या खोलीतला साडेतीन इंची जास्त खरं सांगतो. हे मी दोन्ही प्रकारच्या खोल्यांत बसून अनुभवलंय.

मांडणी. टेबल मधून हलवा, यावर तडजोड नको. पलंग मागच्या भिंतीला न्या. कपाट समोरच्या भिंतीला कोपऱ्यात नको, तेही मागे जाऊ दे, आणि दारांच्या फटीत फेल्टच्या पट्ट्या चिकटवा, नाहीतर प्रत्येक "धा"ला पत्रा आपला स्वतःचा सूर लावेल. आता फुटांत सांगते. कान समोरच्या भिंतीपासून ३.८ फुटांवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर, हा सुरुवातीचा चांगला ठोकताळा. स्पीकरचं तोंड त्याच भिंतीपासून १.२ फुटांवर. दोन स्पीकरमधलं अंतर तीन फूट, प्रत्येक स्पीकरपासून तुमचा कान तीन फूट. समभुज त्रिकोण झाला. ट्वीटर कानाच्या उंचीला. डावी आणि उजवी भिंत स्पीकरपासून सारख्याच अंतरावर हवी, नाहीतर आवाज एका बाजूला झुकतो आणि तुम्ही पॅन करत, म्हणजे तो डावी-उजवीकडे सरकवत बसता.

भिंतीच्या इतकं जवळ का, असं वाटेल, कारण "मॉनिटर भिंतीपासून लांब ठेवा" हे सगळीकडे लिहिलेलं असतं. स्पीकरच्या तोंडापासून भिंतीचं अंतर म्हणजे ज्या सुराची पाव तरंगलांबी, तो सूर भिंतीवरून उलटा येऊन मूळ आवाजाला खातो. स्पीकर भिंतीपासून एक मीटर पुढे असेल तर खाल्ला जाणारा सूर ८६ हर्ट्झच्या आसपास येतो, थेट डग्ग्यात. १.२ फुटांवर तोच खड्डा २३० च्या आसपास सरकतो, आणि तिथे तो चार इंच जाडीच्या रॉकवूलने (आवाज शोषणारी दगडी लोकर) बऱ्यापैकी भरून काढता येतो. जवळ नेल्याने तळ फुगेल, त्यासाठी स्पीकरच्या पाठीमागे बटण असतं. एचएस-५ वर रूम कंट्रोल नावाचं, उणे २ आणि उणे ४ डेसिबल. ३०५ वर बाउंडरी ईक्यू, उणे १.५ आणि उणे ३. ते वापरायला लाजू नका, त्यासाठीच दिलंय. पाठीमागच्या भोकातून, म्हणजे पोर्टमधून, हवा खेळायला थोडी जागा राहू द्या.

रॉकवूलच्या पाट्या दर घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेच्या मिळतात. दोन इंची दोन पाट्या एकावर एक ठेवून सुताराकडून साधी चौकट करून घ्या आणि वरून सुती कापड ताणून लावा. हात घालताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, धागे कातडीला टोचतात. अशी सहा फलकं करा. दोन स्पीकरच्या मागे, दोन डाव्या-उजव्या भिंतींवर, दोन मागच्या कोपऱ्यांत. बाजूच्या भिंतींवरची जागा शोधायला खुर्चीत बसा आणि घरातल्या कुणाला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात तुम्हाला स्पीकर दिसेल तिथे फलक. अंड्यांचे ट्रे आणि पातळ काळा फोम लावू नका. ते फक्त वरचे सूर शोषतात, त्यामुळे टाळ मरतो आणि बास जिथे होता तिथेच राहतो. घरात कापसाची जुनी जाड गादी असेल तर मिक्स करताना ती कोपऱ्यात उभी करा. माझ्या पहिल्या खोलीत आजीच्या दोन गाद्यांनी जे काम केलं, ते विकतच्या फोमने कधीच केलं नाही.

इथवरचा हिशेब: पाच इंची किंवा त्याहून लहान, टेबल भिंतीकडे, चार इंची फलकं, आणि तळासाठी हेडफोन. आता दुकानात काय ऐकायचं ते.

स्वतःची तीन रेकॉर्डिंग घेऊन जा: एक नुसता गळा आणि तानपुरा, एक पूर्ण भरलेला अभंग, आणि एक असं की ज्यात काय चुकलंय ते तुम्हाला आधीच माहीत आहे. शेवटचं सगळ्यात मोलाचं, कारण चूक लपवणारा स्पीकर तिथल्या तिथे पकडला जातो. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज एकसारखा करून घ्या, जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला नेहमी चांगला वाटतो. मग आवाज अगदी कमी करा, बोलणं ऐकू येईल न येईल इतका, आणि शब्द कळतात का पाहा. जोडीतल्या दोन्ही स्पीकरना एकच मोनो आवाज द्या आणि डोळे मिटा. गळा बरोबर नाकासमोर उभा राहिला पाहिजे. तो पसरट वाटला तर जोडीतला एक स्पीकर वेगळा आहे. वापरलेली जोडी घेताना ही कसोटी सोडू नका. त्यासोबत कोनच्या रबरी कडेला भेगा आहेत का पाहा, कोन बोटांनी अलगद समान दाबून खरखर येते का ऐका, आणि काही न वाजवता कान ट्वीटरजवळ नेऊन सळसळ किती आहे ते तपासा. थोडी सळसळ स्वस्त मॉनिटरना असतेच. तीन फुटांवर शांत रात्री ती ऐकू येत असेल तर ती जोडी राहू द्या.

तारा इंटरफेसपासून (संगणक आणि स्पीकर जोडणारं खोकं) स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस, म्हणजे तीन वायरींच्या, घ्या. साध्या दोन वायरींच्या तारांतून विजेची घरघर शिरते. जुन्या इमारतीत तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंग नुसतं दिसायला असतं, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून ते एकदा मोजून घ्या. लॅपटॉपचा चार्जर लावला की गुणगुण वाढते आणि काढला की थांबते असं झालं, तर संगणक, इंटरफेस आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर आणा. घरघर घालवायला तिसरी पिन कापायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो कधीही ऐकू नका, त्यात जीव जातो.

स्पीकर घरी आले की पहिले पंधरा दिवस मिक्स करू नका. तुम्हाला पाठ असलेली गाणी, दुसऱ्यांनी चांगली मिक्स केलेली, ठरवलेल्या आवाजावर रोज तासभर ऐका. चांगल्या अभंगात पखवाज या खोलीत, या खुर्चीत कसा लागतो ते कानात बसू द्या. तुमचा डग्गा किती ठेवायचा ते त्यावरूनच कळेल.

पण पैसे खर्च करण्याआधी या रविवारी टेबल सरकवा आणि आत्ता जे स्पीकर आहेत त्यांवरच तुमचं गाडीत फुगणारं मिक्स लावा. खुर्ची सहा-सहा इंच पुढे-मागे करत डग्गा कुठे भरतो आणि कुठे विरतो ते जमिनीवर खडूने लिहून ठेवा. खोलीचं नेमकं माप, छताची उंची आणि त्या खुणांची अंतरं मला कळवा, म्हणजे फलकं कुठे लावायची ते तुमच्या खोलीपुरतं नेमकं सांगता येईल.